ओरोसला मुक्काम, पाच दिशांना सहली: सिंधुदुर्गात कुठे आणि कधी जावं, तिथे काय खावं?

सिंधुदुर्गात फिरायला जायचं म्हटलं की बहुतेकांच्या यादीत मालवण, तारकर्ली आणि सुरमईची थाळी एवढंच असतं. रेल्वेने येणारे कणकवलीला किंवा कुडाळला उतरतात आणि गाडी करून थेट समुद्र गाठतात. या दोन स्टेशनांच्या मधलं 'सिंधुदुर्ग' नावाचं स्टेशन खिडकीतूनच मागे पडतं. हे स्टेशन ओरोसचं, म्हणजे जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या सिंधुदुर्गनगरीचं.

ओरोसला समुद्र नाही, किल्ला नाही आणि प्रसिद्ध धबधबाही नाही. पण नकाशा पाहिला तर हे गाव साधारण जिल्ह्याच्या मध्यावर आहे. मालवण सुमारे ३० किलोमीटर, सावंतवाडी ३५, वेंगुर्ला ४० आणि देवगड, आंबोली ७० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एकाच ठिकाणी सामान ठेवून रोज सकाळी वेगळ्या दिशेला निघायचं आणि रात्री परतायचं, असं करता येतं.

या प्रत्येक दिशेला जेवणाचं ताट थोडं बदलतं. किनाऱ्यावर समुद्रातले मासे, खाडीकाठी शिंपल्या आणि कुर्ल्या, कातळावर आंबा, डोंगरउतारावर काजू आणि कोकम, घाटाजवळ नाचणी आणि रानभाज्या. शिवाय यातली बरीचशी गोष्ट वर्षातले दोन-तीन महिनेच मिळते. म्हणूनच इथे 'काय खावं' हे विचारण्याआधी 'कुठे' आणि 'कधी' हे ठरवावं लागतं.

ओरोस म्हणजे नेमकं काय?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा करून सिंधुदुर्ग जिल्हा तयार झाला. मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याचं नाव जिल्ह्याला मिळालं. पुढे कुडाळ तालुक्यातल्या ओरोस परिसरात मुख्यालयासाठी नवं नगर वसवण्यात आलं, तेच सिंधुदुर्गनगरी. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, जिल्हा रुग्णालय अशी मुख्य कार्यालयं इथे आहेत.

जिल्ह्यात आठ तालुके आहेत: वैभववाडी, कणकवली, देवगड, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत आहे आणि किनारपट्टी सुमारे १२१ किलोमीटरची. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला.

ओरोस हे कार्यालयांचं गाव असल्याने इथलं खाणंही कामावर येणाऱ्या माणसांचं आहे. सकाळी घावणे-चटणी, आंबोळी-उसळ, दुपारी राइस प्लेट किंवा मच्छी थाळी. सुट्टीच्या दिवशी गजबज कमी होते, त्यामुळे शनिवार-रविवारी मुक्काम असेल तर रात्रीच्या जेवणाची चौकशी आधी करून ठेवलेली बरी.

इथपर्यंत कसं यायचं?

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली. सिंधुदुर्ग स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात. तुमची गाडी थांबत नसेल तर कुडाळला उतरून एसटी किंवा रिक्षाने १५ किलोमीटरच्या आत ओरोस येतं. एक घोटाळा टाळा: 'सिंधुदुर्ग' हे स्टेशनचं नाव वाचून किल्ला जवळच असेल असं अनेकांना वाटतं. किल्ला मालवणला आहे आणि मालवणला रेल्वे जात नाही.

मुंबई-गोवा महामार्ग ओरोसमधूनच जातो. विमानाने यायचं असेल तर जिल्ह्यात चिपी विमानतळ आहे. तो ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण तिथल्या सेवेत खंड पडत आला आहे, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच बेत करावा. दुसरा पर्याय गोव्यातल्या मोपा विमानतळाचा, तिथून ओरोस ६० ते ७० किलोमीटर आहे.

'मालवणी जेवण' म्हणजे नेमकं काय?

मुंबई-पुण्यात 'मालवणी' पाटी लावलेल्या हॉटेलात लाल, झणझणीत रस्सा येतो. त्यामुळे मालवणी म्हणजे तिखट असा समज झाला आहे. प्रत्यक्षात या स्वयंपाकाचा पाया नारळ आहे आणि त्याचं वाटप दोन प्रकारचं असतं.

माशांच्या कालवणाला बहुतेक वेळा ओल्या खोबऱ्याचं कच्चं वाटप लागतं. खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद एकत्र बारीक वाटून त्यात मासा शिजवतात आणि आंबटपणासाठी आमसूल घालतात. कोंबडी-मटणाच्या सागोतीला भाजकं वाटप लागतं. त्यात कांदा आणि खोबरं चांगलं तांबूस होईपर्यंत भाजतात आणि त्याला मालवणी मसाल्याची जोड देतात. हा मसाला उन्हाळ्यात मिरच्या, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल वगैरे वाळवून आणि भाजून वर्षभरासाठी केला जातो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, त्यामुळे दोन घरांची सागोती सारखी लागत नाही.

सागोतीबरोबर येतात ते वडे. तांदळाच्या पिठात उडीद, धणे, मेथी यांसारखे जिन्नस दळून घातलेलं हे पीठ असतं आणि वडा पुरीसारखा तळून फुगवतात. बटाटेवडा किंवा मेदूवड्याशी त्याचा संबंध नाही.

बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत तिरफळ घालतात. हे एका काटेरी झाडाचं फळ. त्याची साल वापरतात, काळी बी टाकून देतात. चव मिरीच्या जवळची, पण जिभेला हलकी झिणझिणी आणणारी. ताटात तिरफळ आलं तर ते बाजूला काढायचं, चावायचं नाही.

सोलकढी हा या जेवणाचा शेवट. आमसूल किंवा कोकमाचं आगळ, नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची. ती उकळत नाहीत. नारळाचं दूध न घालता केलेल्या कढीला तिवळ म्हणतात.

शाकाहारी माणसाने इथे उपाशी राहायची गरज नाही. सोमवार, श्रावण, गणपती, गावातले देवकार्याचे दिवस अशा कितीतरी दिवशी इथल्या घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवसांचं जेवण म्हणजे काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे किंवा आंबोळ्या, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज. गोडात नारळाच्या गोड रसातले शिरवाळे आणि खापरोळ्या, तवसाचं म्हणजे मोठ्या काकडीचं धोंडस. हे पदार्थ मेन्यू कार्डावर क्वचित असतात. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर मात्र करून मिळतात.

पहिली सहल: मालवण आणि तारकर्ली

ओरोसहून महामार्गाने कसालपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे मालवणचा रस्ता धरायचा. वाटेत कट्टा गाव लागतं. तासाभरात मालवण येतं.

सकाळचा वेळ सिंधुदुर्ग किल्ल्याला द्यावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि ते सुमारे तीन वर्षं चाललं. किल्ल्याचा विस्तार सुमारे ४८ एकर, तटबंदीची लांबी जवळपास तीन किलोमीटर. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांच्या काळातलं. चारही बाजूंना खारं पाणी असूनही दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं, त्यात सिंधुदुर्ग आणि याच जिल्ह्यातला विजयदुर्ग असे दोन किल्ले आहेत.

किल्ल्यावर जायला मालवण बंदरातून होड्या सुटतात. पावसाळ्यात, साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. त्या काळात किल्ला फक्त किनाऱ्यावरून पाहता येतो.

दुपारी जेवण करून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली आणि त्यापुढे देवबागला जाता येतं. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्या मधली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. नदी समुद्राला मिळते ती जागा इथेच.

परतताना संध्याकाळी मालवण बंदरावर थांबा. होड्या आल्या की वाळूवर मासळी ओतली जाते आणि लिलाव होतो. तिथे उभं राहिलं की एक गोष्ट कळते: समुद्रातून येणाऱ्या माशांत सुरमई-पापलेटचा वाटा थोडा असतो. ढिगांत दिसतात ते बांगडे, तारल्या, सौंदाळे, मोडसे, माकूल, छोटी कोळंबी. इथल्या घरांत रोज शिजतं ते हेच. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, तारल्यांचं सुकं, मोडशांचं कालवण या गोष्टी मालवणात खाऊन पाहाव्यात अशा आहेत, आणि त्या सुरमईपेक्षा स्वस्तही पडतात.

दुसरी सहल: धामापूर, वालावल आणि पिंगुळी

ही सहल जवळची आहे आणि समुद्राला न शिवता होते. त्यामुळे पावसाळ्यातही चालते.

धामापूरचा तलाव मालवण तालुक्यात, कुडाळ-मालवण रस्त्यावर आहे. तो १५३० च्या सुमारास बांधल्याचं सांगतात. काठावर भगवती देवीचं मंदिर आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने या तलावाचा जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत समावेश केला.

वालावलला कर्ली नदीच्या काठी लक्ष्मीनारायणाचं जुनं मंदिर आहे, शेजारी तळं आणि माडा-पोफळींची गर्दी. तिथून नेरूर मार्गे कुडाळकडे येता येतं. कुडाळजवळचं पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखलं जातं. चित्रकथीत रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेल्या पोथीची पानं एकेक करून दाखवत कथा गातात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने इथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभं केलं आहे.

या पट्ट्याचं खाणं खाडीचं आहे. भरतीचं पाणी कर्लीतून बरंच आत येतं आणि त्याबरोबर येतात तिसऱ्या, कालवं आणि कुर्ल्या. तिसऱ्यांचं सुकं म्हणजे शिंपल्या अर्ध्या उघडून ओल्या खोबऱ्यात परतलेल्या. कालवं खडकावरून फोडून काढावी लागतात. हे काम बहुतेक बायका करतात, ओहोटीच्या वेळा पाहून, गुडघाभर पाण्यात. त्यामुळे एका ताटातल्या वाटीभर कालवांमागे काही तासांचं काम असतं. किंमत जास्त वाटली तर हे लक्षात घ्यावं.

तिसरी सहल: वेंगुर्ला, आरवली आणि शिरोडा

कुडाळवरून वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता काजूच्या बागांतून जातो. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली होती, तिचे अवशेष अजून आहेत.

काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो किनाऱ्यावर आणला. वेंगुर्ल्यातल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा जाती विकसित केल्या आणि त्या कोकणभर पसरल्या. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे हे नाव त्या भागातल्या मालालाच वापरता येतं.

दुकानातला भाजलेला काजू बारा महिने मिळतो. ओला काजू मात्र साधारण फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच. कच्ची बी चिरून आतला मऊ गर काढतात. सालीतला चीक हाताला भाजतो म्हणून सोलणाऱ्या बायका बोटांना राख किंवा तेल लावतात. या गराची खोबरं घातलेली उसळ हा इथल्या उन्हाळ्यातला सणाचा पदार्थ आहे.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला आरवलीत वेतोबाचं मंदिर आहे. या देवाला केळ्यांचा घड आणि भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. चपला झिजतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा आहे.

पुढचं गाव शिरोडा. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर याच गावातल्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. इथली मिठागरं आजही पाहता येतात आणि इथल्या खाण्याशी त्यांचं नातं सरळ आहे. खारवलेला बांगडा, आगळ, कैरीचं लोणचं या सगळ्यांना जाडं मीठ लागतं. समुद्र बंद असतानाचे दोन-तीन महिने या खारवलेल्या आणि सुक्या मालावर निघतात.

चौथी सहल: देवगड, कुणकेश्वर आणि विजयदुर्ग

कणकवलीवरून नांदगावला वळून देवगड गाठता येतं. अंतर जास्त असल्याने पहाटे निघावं. देवगड आणि कुणकेश्वर एका दिवसात आरामात होतात, विजयदुर्गही जोडायचा तर दिवस धावपळीचा जातो.

देवगडचा हापूस कातळावर वाढतो. लाल जांभ्या दगडाचं हे पठार, त्यावर मातीचा थर पातळ. खड्डे फोडून, बाहेरून माती आणून कलमं लावली गेली. मोहोर थंडीत येतो, फळ साधारण मार्चअखेरपासून मेपर्यंत उतरतं. अवेळी पाऊस किंवा अचानक वाढलेलं तापमान यांनी मोहोर गळतो आणि त्या वर्षाचं गणित बिघडतं.

कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाहेरचा आंबा 'देवगड' म्हणून विकला जाण्याची तक्रार जुनी आहे. त्यावर उपाय म्हणून २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळांवर क्रमांक असलेले स्टिकर लावायला सुरुवात केली. बागेत जाऊन पेटी घेणं हा ग्राहकासाठी त्याहून सोपा मार्ग. झाडावरून उतरवलेला आंबा हिरवाच असतो. तो घरी गवतात किंवा पेंढ्यात आढी घालून पिकवायचा असतो, त्यामुळे लगेच खाण्यासाठी आणि नंतरसाठी असे दोन वेगळे भाग मागून घ्या.

कुणकेश्वरचं शिवमंदिर अगदी समुद्राला लागून आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. विजयदुर्ग हे मराठा आरमाराचं आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळातलं महत्त्वाचं ठाणं. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्या मोहिमेत ते आंग्र्यांच्या हातून गेलं.

पाचवी सहल: सावंतवाडी आणि आंबोली

सावंतवाडीला मोती तलाव, राजवाडा आणि चितार आळीतली लाकडी खेळणी आहेत. लाकडाची रंगवलेली फळं हे इथलं वैशिष्ट्य: आंबा, फणस, केळी हुबेहूब. राजवाड्यात गंजिफा रंगवण्याचं काम चालतं. गंजिफा म्हणजे गोल आकाराचे, हाताने रंगवलेले पत्ते. बंद पडत चाललेली ही कला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली.

सावंतवाडीहून ३० किलोमीटरवर आंबोली. उंची सुमारे ७०० मीटर आणि राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. जून ते सप्टेंबर धबधबे वाहतात आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं.

आंबोलीतल्या हिरण्यकेशी मंदिराच्या पाण्यात सापडलेल्या 'शिस्तुरा हिरण्यकेशी' या छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पाण्यात उतरणं, साबण वापरणं, खाद्य टाकणं हे सगळं तिथे टाळायला हवं.

घाटाच्या बाजूला मासे मागे पडतात. नाचणीची भाकरी, कुळीथ, पावसात टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू या रानभाज्या आणि मिळालीच तर अळंबी. अळंबी ओळखीच्या माणसाने काढलेलीच खावी, कारण तशीच दिसणारी विषारी जातही असते.

कोणत्या महिन्यात काय मिळतं?

- नोव्हेंबर ते जानेवारी: समुद्र शांत, मासळी भरपूर. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या जत्रा आणि दशावतारी नाटकं सुरू होतात. जत्रेत मालवणी खाजं मिळतं, म्हणजे बेसनाच्या कांड्यांना आलं घातलेल्या गुळाचा लेप.
- फेब्रुवारी आणि मार्च: ओले काजू, कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी. मालवण तालुक्यातली आंगणेवाडीची भराडी देवीची यात्रा बहुतेकदा याच सुमारास असते. तिला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते.
- एप्रिल आणि मे: हापूस, पिकलेला फणस, करवंदं, जांभळं आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. घरोघरी आमसुलं वाळत घातलेली दिसतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असल्याने रेल्वेची तिकिटं मिळणं कठीण.
- जून आणि जुलै: यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी. सुकी मासळी, खाडीतले आणि शेतातले कुर्ले, रानभाज्या.
- ऑगस्ट आणि सप्टेंबर: नारळी पौर्णिमा, श्रावण, गणपती. पातोळ्या, मोदक, घावन-घाटले, खतखते. या दिवसांत पाहुण्यांना घरगुती खानावळी बंद सापडू शकतात, कारण चालवणाऱ्यांच्या घरीही गणपती असतो.
- ऑक्टोबर: भातकापणी, पाऊस ओसरलेला, गर्दी कमी. फिरायला चांगला महिना.

बारा महिने सुरमई का मागू नये?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी करता येत नाही. अनेक माशांचा हा प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक होड्यांना यातून सूट आहे, पण त्या किनाऱ्याजवळच राहतात. म्हणजे जुलैमध्ये ताटात आलेली मोठी सुरमई बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आणलेली असते. पाहुणा 'सुरमईच हवी' म्हणतो, तेव्हा हॉटेलवाल्यालाही ती कुठून तरी आणावी लागते.

प्रश्न फक्त दोन महिन्यांचा नाही. या किनाऱ्यावर पूर्वापार रापण ओढली जाते. होडीने समुद्रात लांबलचक जाळं टाकायचं आणि गावातल्या माणसांनी दोन्ही टोकं धरून ते किनाऱ्यावर ओढायचं. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. रापणीत येते ती किनाऱ्याजवळची मासळी: बांगडा, तारली, मोडसे. पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका हेच थवे आधी उचलतात, असं पारंपरिक मच्छीमारांचं म्हणणं आहे आणि मालवणच्या किनाऱ्यावर यावरून अनेकदा संघर्ष झाला आहे. राज्य सरकारने सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. प्रखर दिवे लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. अंमलबजावणीबद्दलच्या तक्रारी अजून थांबलेल्या नाहीत.

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडणं आणि विकणं नियमबाह्य आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा बाजारात गेला तर पुढच्या वर्षीचं उत्पन्न घटतं, हे त्यामागचं साधं कारण. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा जाहीर झाला.

पर्यटकाच्या हातात यातलं थोडंच आहे, पण ते अगदीच कमी नाही. थाळी मागवताना 'सुरमई आहे का?' याऐवजी 'आज काय आलंय?' असं विचारता येतं. तळहातापेक्षा लहान पापलेट नाकारता येतं. बांगडा, तारली, मोडसे, शिंपल्या खाल्ल्या तर पैसा छोट्या होडीवाल्याकडे, रापणकराकडे आणि खाडीत उतरणाऱ्या बाईकडे जाण्याची शक्यता जास्त. आणि पावसाळ्यात आलात तर सुक्या बांगड्याची किसमूर किंवा काळ्या वाटाण्याचं सांबारं मागा. त्या महिन्यांत इथल्या घरांतही तेच शिजतं.

निघण्यापूर्वी हे पाहून घ्या

- जिल्ह्यात एसटी सर्वत्र जाते, पण गावांच्या फेऱ्या कमी असतात आणि संध्याकाळी लवकर संपतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून घ्या. दोन-तीन ठिकाणं एका दिवसात करायची तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी सोयीची.
- घरगुती खानावळीला आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी फोन करा. माणसांची संख्या आणि शाकाहारी किती, हे सांगा. वडे-सागोती, शिरवाळे, खापरोळ्या आयत्या वेळी होत नाहीत.
- किनाऱ्यावर जायच्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ पाहा. पावसाळ्यात समुद्रात उतरू नका.
- आमसूल, आगळ, काजू, फणसपोळी, मालवणी मसाला यांची खरेदी महिला बचत गटांकडून करता येते. आमसूल घेताना ते मऊ आणि गडद आहे ना, हे पाहा.
- देवळांत काही ठिकाणी गाभाऱ्याजवळ जाण्याचे, फोटो काढण्याचे नियम वेगळे असतात. विचारून घ्या.

पाचही सहली एका खेपेत करायच्या ठरवल्या तर सलग पाच दिवस लागतात. पण ओला काजू, हापूस, आंबोलीचा पाऊस आणि जत्रेतलं खाजं एकाच खेपेत मिळणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन-दोन दिवसांच्या दोन खेपा कराव्यात: एक नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान किनाऱ्यासाठी आणि एक पावसात, खाडी आणि घाटासाठी.